श्वसनमार्गाचे विषाणू आणि आपली प्रतिकारयंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्दी, फ्लू, कोविड, आरएसव्ही (लहान बाळांना जास्त त्रास देणारा श्वसनमार्गाचा विषाणू), गोवर. हे सगळे विषाणू नाकातोंडावाटेच आत येतात, पण शरीराशी प्रत्येकाचा सामना वेगळा होतो. प्रतिकारशक्ती म्हणजे कमीजास्त असलेला एकच आकडा, असं आपण धरून चालतो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. खरा प्रश्न असतो तो प्रतिसाद किती लवकर आला, कुठे आला आणि वेळेवर थांबला का, हा. पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

विषाणू नाकात गेला म्हणजे आजारी पडणारच का?

नाही. नाकात शिरलेले बरेचसे विषाणू पेशीपर्यंत पोहोचतच नाहीत. नाकापासून फुप्फुसाच्या नळ्यांपर्यंत आतल्या अस्तरावर दोन थर असतात. खाली पातळ पाण्यासारखा थर आणि त्यावर चिकट श्लेष्मा. अस्तराच्या पेशींवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात, एकेका पेशीवर साधारण २००. हे तंतू सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा एकाच दिशेने हलतात आणि वरचा श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. त्यात अडकलेली धूळ, जिवाणू, विषाणू आपण नकळत गिळतो आणि पुढचं काम पोटातलं आम्ल करतं.

फ्लूच्या विषाणूचं उदाहरण पाहा. पेशीवरच्या सियालिक आम्ल या साखरेच्या जातीच्या रेणूला धरून तो आत शिरतो. पण श्लेष्म्यातही तेच सियालिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे विषाणू पेशी समजून श्लेष्म्यालाच चिकटतो. यातून सुटायला त्याच्याकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते धरलेले धागे कापतं आणि वाट मोकळी करतं. ऑसेल्टामिविर हे औषध याच विकराला अडवतं. पेशीतून बाहेर पडतानाही विषाणूला ते लागतं, म्हणून ते अडलं की नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच खिळून राहतात.

विषाणू आत शिरलाय हे पेशीला कळतं कसं?

त्याच्या आरएनएवरून, म्हणजे जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूवरून. फ्लू, कोरोना, ऱ्हायनो (साध्या सर्दीचा विषाणू), आरएसव्ही या सगळ्यांची जनुकं आरएनएची असतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागला की पेशीत एरवी न दिसणारे आरएनएचे प्रकार तयार होतात: लांब दुहेरी धागे, किंवा ज्यांच्या टोकाला आपल्या आरएनएवर असते तशी टोपी नाही असे धागे. पेशीतली रिग-आय आणि एमडीए-५ ही प्रथिनं नेमकं हेच हुडकत असतात. ओळख पटली की पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी लावला. प्रयोग साधा होता. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, उष्णता देऊन निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू त्यांच्यावर सोडला, काही तासांनी भोवतालचा द्रव काढून घेतला आणि ताज्या तुकड्यांना दिला. त्या ताज्या तुकड्यांत मग जिवंत विषाणूही वाढेना. म्हणजे पहिल्या तुकड्यांनी द्रवात काहीतरी सोडलं होतं. विषाणूच्या कामात आडकाठी आणणारं म्हणून त्याला इंटरफेरॉन नाव मिळालं.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो शेजारच्या पेशींना सावध करतो आणि त्यांच्यातली शेकडो जनुकं जागी होतात. त्यातून बनणारं आयएफआयटीएम-३ हे प्रथिन विषाणूला दारातच अडवतं, एमएक्स प्रथिन फ्लूच्या आतल्या भागाला जखडतं, पीकेआर प्रथिननिर्मितीच बंद पाडतं, तर आरनेज-एल आरएनएचे तुकडे करतं. शेवटच्या दोन उपायांत पेशी स्वतःचंही नुकसान करून घेते. पण एक पेशी गेली आणि आजूबाजूच्या वाचल्या तर सौदा फायद्याचाच.

एवढी तयारी असते, मग विषाणू वाढतोच कसा?

कारण विषाणूंनी या सूचनेवरच घाला घालायला शिकून घेतलंय. त्यांची जनुकं मोजकी असतात, तरी त्यातली काही निव्वळ आपल्या यंत्रणेला गप्प करण्यासाठी राखून ठेवलेली असतात. फ्लूचं एनएस-१ प्रथिन दुहेरी आरएनए झाकून ठेवतं आणि रिग-आयचं काम बिघडवतं. कोविडच्या विषाणूचं एनएसपी-१ पेशीच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, अडवून बसतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा संदेश तयार झाला तरी त्यापासून प्रथिन बनत नाही. त्याचंच ओआरएफ-६ हे प्रथिन धोक्याची सूचना पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचू देत नाही. आरएसव्हीकडे तर यासाठी दोन प्रथिनं आहेत.

यातून विषाणूला एकच गोष्ट मिळते, वेळ. फ्लूने गाठलेल्या पेशीतून साधारण सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. इंटरफेरॉनला एका दिवसाचा उशीर झाला तर तेवढ्यात तीन पिढ्या तयार झालेल्या असतात. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या आधीच माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्यामागेही ही सुरुवातीची शांतता मोठं कारण मानली जाते.

ताप, अंगदुखी, वाहतं नाक: हे विषाणू करतो की आपलं शरीर?

बरंचसं आपलं शरीरच. सावध झालेल्या पेशी आयएल-१, आयएल-६, टीएनएफ यांसारखी सायटोकाइन (पेशींमध्ये निरोप पोहोचवणारी प्रथिनं) सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. मग ३७ अंशांवरही थंडी वाजते, कारण शरीराला आता ३९ गाठायचं असतं. झोप येणं, भूक मरणं, अंग मोडून येणं हीसुद्धा सायटोकाइनचीच करणी. ऱ्हायनोविषाणू तर नाकाच्या अस्तराची फारशी नासधूसही करत नाही. तिथली सूज आणि स्राव बहुतांशी आपल्याच प्रतिसादाचे असतात.

मग ताप उतरवावा की नाही?

तापामुळे पांढऱ्या पेशींची हालचाल वाढते आणि बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते. त्यामुळे थर्मामीटरवर आकडा दिसला म्हणून लगेच गोळी घ्यायलाच हवी असं नाही. पण ताप अंगावर काढण्यातही मोठेपणा नाही. अस्वस्थ वाटत असेल, पाणी पिववत नसेल, झोप येत नसेल तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावं. मुलांना आणि किशोरवयीनांना फ्लूसारख्या आजारात अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नये. त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप असेल तर घरी वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

शेंबूड हिरवा झाला. आता अँटिबायोटिक लागेल ना?

नुसत्या रंगावरून नाही. तो हिरवा रंग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा असतो. त्या पेशी तिथे काम करताहेत एवढंच त्यावरून कळतं. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग बदलतो आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

बरं व्हायला आठवडा का लागतो?

इंटरफेरॉनचं काम तासांत सुरू होतं, पण ते कुठल्या एका विषाणूपुरतं नसतं. नेमका हाच विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) शरीरात अगदी थोड्या असतात. डेंड्रायटिक पेशी फुप्फुसातून विषाणूचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसीका गाठींमध्ये नेतात. तिथे जुळणारी टी-पेशी सापडली की ती दुप्पट-चौपट होत वाढू लागते. पुरेशी संख्या होऊन या पेशी फुप्फुसात परत यायला पाचसात दिवस जातात. चांगल्या प्रतीची प्रतिपिंडं (अँटीबॉडी, विषाणूला चिकटणारी प्रथिनं) यायला साधारण एक ते दोन आठवडे. गळ्यातल्या गाठी आजारपणात दुखतात आणि हाताला लागतात, त्या याच धावपळीमुळे.

याच विषाणूची आधी गाठ पडली असेल तर स्मृतिपेशी तयार असतात आणि हे सगळं दोनतीन दिवसांवर येतं.

एकाच विषाणूने एकाला नुसती सर्दी होते आणि दुसरा थेट आयसीयूत जातो. असं का?

कोविडने या प्रश्नाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि मिळालेलं एक उत्तर थक्क करणारं होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या ९८७ कोविड रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य आजार किंवा लक्षणंच नसलेल्या ६६३ जणांत अशी प्रतिपिंडं एकाकडेही नव्हती. ही माणसं त्याआधी ठणठणीत दिसत असत. त्यांच्यात उणीव होती ती एकाच जागी, पहिल्या सूचनेत. अशी प्रतिपिंडं साठी-सत्तरीनंतर जास्त लोकांत आढळतात, तेव्हा वृद्धांना धोका जास्त का याचाही एक धागा इथे मिळतो. काही जणांत जन्मतःच इंटरफेरॉनशी संबंधित जनुकांत दोष असतो. त्यांनाही फ्लू किंवा कोविड फार जड जातो.

पहिली सूचना चुकली की पुढे काय होतं ते पाहा. विषाणू बेसुमार वाढतो. उशिरा जागी झालेली यंत्रणा मग समोर दिसणारा प्रचंड साठा पाहून सगळं बळ एकदम लावते. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात, केशवाहिन्या गळू लागतात आणि वायुकोशांत द्रव साचतो. या टप्प्यावर विषाणू ओसरत असला तरी रुग्ण बिघडत जातो.

डेक्सामेथासोन या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या स्टेरॉइडचा कोविडमधला अनुभव हेच सांगतो. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन लागलेल्यांनाही फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही, उलट नुकसानीकडे कल होता. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त वेळेचा. म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घरी स्टेरॉइड सुरू करणं मला अतिशय धोक्याचं वाटतं: विषाणू वाढत असताना पहारा उठवल्यासारखं ते होतं.

याशिवाय वय, गरोदरपण, मधुमेह, स्थूलता, दमा, आत गेलेल्या विषाणूंचं प्रमाण, अशी कारणं आहेतच. लहान बाळांच्या श्वासनळ्या मुळात इतक्या अरुंद असतात की आरएसव्हीने थोडी सूज आली तरी दम लागतो.

सर्दी पुन्हा पुन्हा का होते? एकदा झाल्यावर शरीर शिकत नाही का?

शिकतं, पण सर्दी हा एक आजार नाही. एकट्या ऱ्हायनोविषाणूचेच १६० हून अधिक प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला बहुधा ओळखत नाहीत.

फ्लूची तऱ्हा निराळी. तो एकच, पण रूप बदलत राहतो. त्याच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन दरवर्षी थोडं थोडं बदलतं. त्याची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असल्याने माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच पेशीत आले तर तुकड्यांची अदलाबदलही होते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच अदलाबदलीतून आल्या.

तिसरं कारण म्हणजे नाकातली प्रतिकारशक्ती अल्पजीवी असते. नाकाच्या अस्तरावर आयजीए जातीची प्रतिपिंडं असतात आणि ती काही महिन्यांत ओसरतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात स्वयंसेवकांना २२९-ई हा सर्दीचा कोरोनाविषाणू दिला आणि वर्षाने पुन्हा तोच दिला. आधी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना तो परत झाला, सर्दी मात्र एकालाही झाली नाही. दुसरीकडे, २००३ च्या सार्स (कोविडच्या विषाणूच्या नात्यातल्या कोरोनाविषाणूचा आजार) साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. संसर्ग अडवणारी स्मृती लवकर पुसट होते, गंभीर आजार अडवणारी टिकते.

लस घेऊनही फ्लू झाला. मग उपयोग काय?

आत्ताच्या उत्तरातच याचं उत्तर आहे. दंडात घेतलेल्या लसीने रक्तात आयजीजी प्रतिपिंडं आणि स्मृतिपेशी तयार होतात. रक्तातून आयजीजी फुप्फुसाच्या खोल भागात चांगलं झिरपतं, नाकात त्या मानाने कमी. म्हणून नाक वाहतं, घसा दुखतो, पण न्यूमोनियाची शक्यता घटते. नाकातून द्यायच्या लसींचा हेतूच नाकातला पहारा उभा करण्याचा आहे. फ्लूची अशी सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची लस अमेरिकेत २००३ पासून वापरात आहे.

लसीमुळे कधी उलटा परिणाम झालाय का?

झालाय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत बाळांना फॉर्मलिनने निष्क्रिय केलेली आरएसव्हीची लस चाचणीत दिली गेली. पुढच्या हंगामात खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली. एका गटातल्या संसर्ग झालेल्या लसधारक मुलांपैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली. दोन बाळं दगावली.

प्रतिपिंडं तयार झाली होती, पण चुकीची. ती विषाणूला चिकटत, त्याला निकामी करत नसत; वर त्यांच्यामुळे फुप्फुसात दाह भडकला. आरएसव्हीचं एफ प्रथिन पेशीला जुळण्यापूर्वी एका आकारात असतं आणि नंतर दुसऱ्याच आकारात जातं. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं पहिल्या आकारावर बसतात आणि त्या लसीत तो आकार शिल्लकच नव्हता. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पहिला आकार उलगडला आणि तो स्थिर करायची युक्ती शोधली. त्यावर आधारलेल्या लसींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली, साठीपुढच्यांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. दोन बाळांच्या मृत्यूपासून इथपर्यंत यायला जवळजवळ ६० वर्षं गेली. लसीच्या चाचण्या इतक्या सावकाश का चालतात असं कुणी विचारलं की मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते.

गोवर तर पुरळाचा आजार. त्याचा इथे काय संबंध?

तो श्वासातूनच पसरतो आणि थेट स्मृतिपेशींवर हल्ला करतो. सीडी-१५० हे प्रथिन धरून तो टी आणि बी-पेशींत शिरतो. लस न घेतलेल्या मुलांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. म्हणजे दुसऱ्या आजारांविरुद्ध आधी कमावलेलं संरक्षणही गेलं. गोवराच्या लसीने असं होत नाही.

फ्लू बरा होत आला आणि मग न्यूमोनिया झाला. हे कसं?

फ्लूने अस्तराच्या पेशी मरतात, श्लेष्मा वाहून नेणारे तंतू निकामी होतात आणि उघड्या पडलेल्या जागी न्यूमोकोकससारखे जिवाणू सहज रुजतात. शिवाय विषाणूविरुद्ध पेटलेली इंटरफेरॉनची यंत्रणा जिवाणू गिळणाऱ्या पेशींना काही काळ मंद करते. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असं जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांवरून दिसतं.

थंडीत हे आजार का वाढतात?

कोरड्या हवेने श्लेष्मा घट्ट होतो आणि सरकेनासा होतो. लोक बंद जागेत जास्त वेळ बसतात. थंड हवेत नाकाचं तापमान खाली येतं. ऱ्हायनोविषाणूला ३३ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं आणि त्या तापमानाला इंटरफेरॉनचा प्रतिसादही कमजोर पडतो, असं उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांचं काय?

सुदृढ माणसाच्या बाबतीत, पैसे वाया. नियमित क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये ती जेमतेम ८ टक्के लवकर बरी होते. एखाद्या जीवनसत्त्वाची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काही साधत नाही. झोपेचा पुरावा मात्र दमदार आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोविषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल किंवा बाळ दूध पिईनासं झालं असेल तर लगेच. दोनतीन दिवस बरं वाटून ताप पुन्हा चढला तरीही जावं, कारण वर सांगितलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो. वृद्ध, गरोदर, मधुमेही, किंवा प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधं घेणारे यांनी फ्लूची शंका आली की पहिल्याच दिवशी जावं. ऑसेल्टामिविरचा सर्वाधिक फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतल्यास होतो.